उभ्यानं लिहिलेली साक्ष

इरावतीच्या कमरेत पहिली कळ आली ती ऑक्टोबरमधल्या एका मंगळवारी, भर कोर्टात. पाचवा महिना संपत आला होता.

रायपूरच्या एका दिवाणी कोर्टात ती साक्षलेखिका होती. न्यायाधीशांच्या उंच मंचाखाली तिचं टेबल. साक्षीदार बोलायचा, साहेब ते नीट वाक्यात बसवून सांगायचे आणि इरावती ते कॉम्प्युटरवर हिंदीत उतरवून घ्यायची. ‘यह कहना सही है कि’, ‘यह कहना गलत है कि’. दिवसातून शंभर-दीडशे वेळा तरी ही दोन वाक्यं तिच्या बोटांखालून जायची. त्या मंगळवारी एक पटवारी, म्हणजे तलाठी, साक्ष देत होता आणि ती टाइप करत असतानाच कमरेखाली उजवीकडे कोणीतरी अंगठा रुतवावा तसं झालं. कळ मांडीपर्यंत उतरली. ती थोडी सरकून बसली आणि लिहीत राहिली. दोन वाजता साहेब जेवायला उठले तेव्हा तिला टेबलाला धरून उभं राहावं लागलं.

पुढचे पंधरा दिवस तिनं घरी काही सांगितलं नाही. पण तात्यापाऱ्यातलं त्यांचं घर वरच्या मजल्यावर होतं आणि ती जिना कशी चढते हे सासूबाईंनी बघितलंच.

सासूबाई म्हणजे इंदूबाई, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या. घरात त्या, इरावती आणि प्रफुल्ल, एवढीच माणसं. प्रफुल्ल रेल्वेच्या आरक्षण कार्यालयात होता. त्याच्या आजोबांनी वर्ध्याहून रेल्वेच्याच नोकरीसाठी रायपूर गाठलं होतं.

“सुट्टी टाक आता,” इंदूबाई म्हणाल्या. “काहून जीव काढून राहिली? सरकारी नोकरी आहे, हक्काची सुट्टी आहे.”

“आई, सहा महिन्यांचीच आहे. आता घेतली तर मेच्या सुरुवातीले संपते. बाळ तेव्हा अडीच महिन्यांचं असंन.”

“मग मी आहे नं.”

“तुम्ही आहात. पण मले राहायचं आहे त्याच्याजवळ.”

हा हिशेब तिनं कॅलेंडरवर केव्हाच करून ठेवला होता. तारीख अठरा फेब्रुवारीची होती. नोकरीला दोनच वर्षं झाली होती, त्यामुळे पुढं आणखी सुट्टी मिळेलच याचा तिला भरवसा नव्हता. बाळंतपणाआधी घेतलेला प्रत्येक दिवस नंतरच्या दिवसांतून कमी होणार होता. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत कामावर जायचं, असं तिनं ठरवलं होतं.

प्रफुल्ल दोघींच्या मध्ये सापडला. आईपुढं तो म्हणायचा, “आई बरोबर म्हणून राहिली, इरा.” खाली स्कूटर काढताना म्हणायचा, “तुले जसं जमंन तसं कर, यार.” स्कूटर मात्र तो आता इतकी हळू चालवू लागला की मागून सायकलवाले घंटी वाजवायचे.

इंदूबाईंनी मग पुरानी बस्तीतल्या एका मालिशवालीला बोलावलं. तिनं कोमट तेल लावून टाचेनं कंबर दाबली. त्या रात्री इरावतीला छान झोप लागली आणि दुसऱ्या दिवशी कुशीवर वळताना ती ओरडली. त्या शनिवारी प्रफुल्ल तिला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला. लघवी तपासली, रक्तदाब पाहिला, बाळाचे ठोके ऐकले. सगळं ठीक होतं. पोटावरच्या तपासणीतही काळजीचं काही निघालं नाही. “हे बसण्याचं दुखणं आहे,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “मनानं गोळ्या घेऊ नका. आणि असं दाबून घेणं बंद करा.” त्यांनी ब्राह्मणपाऱ्यातल्या एका फिजिओथेरपिस्टचं नाव चिठ्ठीवर लिहून दिलं.

तिचं नाव मंदाकिनी. वय पस्तिशीच्या आसपास, बोलणं अर्धं हिंदी, अर्धं मराठी. तिनं इरावतीला झोपवलं नाही की दाबून पाहिलं नाही. एक खुर्ची आणि टेबल पुढं ओढलं आणि म्हणाली, “कोर्टात बसता तशा बसा. अगदी तशाच. आणि लिहायला लागा.”

इरावती बसली आणि रिकाम्या टेबलावर बोटं चालवू लागली. मंदाकिनी बाजूला उभी राहून दहा मिनिटं नुसती पाहत राहिली.

“खुर्ची टेबलाशी का नाही घेत?”

“पोट लागतं.”

“हव. पोट रोज थोडं पुढे येतंय, म्हणून तुम्ही खुर्ची रोज थोडी मागे घेताय. हात मात्र तेवढेच लांब आहेत. मग कंबर पुढे झुकते. पाठीला टेकून तुम्ही किती दिवसांत बसला नाही?”

इरावतीला आठवेना.

मग मंदाकिनीनं एकेक गोष्ट करून दाखवली. टॉवेल गुंडाळून कमरेच्या खोलगट जागी ठेवायचा आणि पाठ टेकायची. पायाखाली पाट घ्यायचा. कीबोर्ड टेबलाच्या अगदी कडेला, पोटाशी आणायचा. घरी सकाळ-संध्याकाळ हात-गुडघ्यांवर ओणवं होऊन पाठ हळूच वर उचलायची आणि पुन्हा सपाट करायची. भिंतीला पाठ लावून उभं राहायचं आणि कमरेमागची फट भिंतीशी दाबायची. झोपताना डाव्या कुशीवर, गुडघ्यांमध्ये उशी. पोटाखाली बांधायचा पट्टा दिवसातून काही तासच. शेक कमरेला, पोटाला नाही, आणि तोही कोमट.

“आणि चाळीस मिनिटं झाली की उठायचं,” ती म्हणाली. “पाच मिनिटं चालायचं. बाकी सगळं करून एवढं एक सोडलं, तर माझ्याकडे येऊन काही उपयोग नाही.”

निघताना तिनं आणखी एक गोष्ट दोनदा सांगितली. दुखणं घड्याळ लावल्यासारखं येऊन जाऊ लागलं, ताप आला, लघवीला जळजळ झाली, अंगावर रक्त किंवा पाणी गेलं, तर व्यायाम वगैरे बाजूला ठेवून थेट दवाखाना गाठायचा. ते खुर्चीचं दुखणं नसतं.

घरातलं सगळं जमलं. प्रफुल्ल रोज सकाळी दरी, म्हणजे सतरंजी, अंथरून द्यायचा. त्यानं स्वयंपाकघरातला एक पाट पिशवीत घालून कोर्टात पोचवला. दरीवर ओणवी झालेली सून पाहून इंदूबाई दारातच थबकल्या. “हे काय नवीन? गाय झाली का?” त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. आठवड्याभरात इरावतीच्या सकाळी बऱ्या जाऊ लागल्या.

कोर्टात मात्र चाळीस मिनिटांचं काही जमेना. उठू नका असं कोणी म्हणालेलं नव्हतं. पण साहेब मंचावर असताना खालच्या टेबलावरचं कोणी उठत नसे, इतकंच. ती पेन पाडायची आणि उचलायच्या निमित्तानं उभी व्हायची. पाण्याची बाटली मुद्दाम लांबच्या खिडकीत ठेवायची. या दहा-दहा सेकंदांनी काही होत नव्हतं. बारा वाजेपर्यंत टॉवेल, पाट यांचा उपयोग व्हायचा. एकच्या पुढं कळ पुन्हा मांडीत उतरायची, आणि आता ती पोटरीपर्यंत पोचू लागली होती.

नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी दुपारी ती दरीवर व्यायाम करत होती. इंदूबाई शेजारी मेथी निवडत बसल्या होत्या. मग खाली पाहतच म्हणाल्या, “प्रफुल्लच्या वेळेस मी एक्स्चेंजमध्ये होती. उंच स्टूल राहे, मागे टेकायले काही नाही. डोक्यावर हेडफोन, आणि हात वर करकरून तारा खोचायच्या. सुपरवायझर बाई मागे उभी. नववा लागेपर्यंत बसली मी तशी.”

इरावती टाचांवर बसली. “कोणाले बोलल्या नाही?”

“नाही बोलली. मले वाटे, बोललं तर म्हणतील, बाईमाणूस आहे, हिले जमत नाही. दुसऱ्या बायाबी बसतच होत्या. तेव्हा जी कंबर गेली ते आजपावेतो आली नाही. तुम्हाले सगळ्याईले वाटते, म्हातारपण आहे.” त्यांनी मेथीच्या काड्या गोळा केल्या. “म्हणून म्हणून राहिली तुले. सोड.”

इरावतीला चार वर्षांत हे कधी कळलं नव्हतं. रोज सकाळी खाटेवरून उठताना सासूबाई आधी एक हात भिंतीला लावतात, एवढंच तिनं पाहिलं होतं. सुट्टीचा तगादा जुन्या वळणामुळे नव्हता, त्यामागं काय होतं ते तिला आता समजलं. तिला वाईट वाटलं, आणि तिचा विचारही पक्का झाला.

“आई, तुम्ही कामबी सोडलं नाही आणि बोलल्याबी नाही. मी बोलून पाहते.”

“साहेबाले?”

“हो.”

“बोलशीन?”

“उद्याच बोलते.”

सोमवारी ती अर्धा तास आधी पोचली. साहेबांना त्यांच्या खोलीत गाठायचं असं तिनं ठरवलं होतं. साहेब पन्नाशी उलटलेले, मितभाषी गृहस्थ होते. दीड वर्षात कामापलीकडचं एक वाक्य ते तिच्याशी बोलले नव्हते. पण त्या दिवशी त्यांना एका बैठकीहून यायला उशीर झाला आणि ते सरळ मंचावर येऊन बसले. लगेच साक्षीदाराचा पुकारा झाला.

पंडरीतल्या एका कापड व्यापाऱ्याची उलटतपासणी होती. गोदामाच्या सामाईक भिंतीचा वाद. विरुद्ध बाजूचे वकील उंचेपुरे, दमानं बोलणारे. एकाच प्रश्नाला ते चार बाजूंनी भिडायचे. भिंत कोणी बांधली, कधी बांधली, विटा कुठून आल्या. चाळीस मिनिटं झाली. तास झाला. इरावतीचा उजवा तळवा आधी जड झाला, मग तो पाटावर आहे की नाही हेच तिला कळेना. कळ कमरेपासून सरळ रेषेत खाली जात होती. ती दातांवर दात ठेवून बोटं चालवत राहिली.

“इरावती जी,” वरून साहेबांचा आवाज आला. त्यांच्यासमोरच्या पडद्यावर तिचं टाइपिंग दिसत असे. “गवाह ने ‘गलत’ कहा है. आपने ‘सही’ लिखा है.”

तिनं पडद्याकडे पाहिलं. भिंत माझ्या वडिलांनी बांधली नाही असं म्हणणं चूक आहे, असं व्यापारी म्हणाला होता. तिनं बरोबर उलटं लिहिलं होतं. उद्या कोणी वाचलं असतं तर त्या एका शब्दानं माणूस स्वतःच्या तोंडानं भिंत देऊन बसला असता. व्यापारी कठड्याला धरून तिच्याकडेच पाहत होता.

तिनं चूक दुरुस्त केली. मग टेबलावर दोन्ही हात टेकून ती उभी राहिली.

मागच्या बाकांवरची माणसं माना वर करून पाहू लागली.

“सर, मला बोलायचं आहे,” ती मराठीतच म्हणून गेली आणि मग सावरून हिंदीत म्हणाली, “सर, सातवाँ महीना है. चालीस मिनट से ज़्यादा बैठती हूँ तो पैर सुन्न हो जाता है. ये गलती उसी से हुई. बैठे-बैठे लिखूँगी तो फिर होगी. मुझे पाँच मिनट दे दीजिए, या खड़े होकर लिखने दीजिए.”

वकिलांनी घड्याळाकडे पाहिलं. “सर, क्रॉस बीच में है. सिलसिला टूट जाएगा.”

साहेबांनी चष्मा काढला आणि पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं. तिला वाटलं, आता खाली बसा म्हणतील. पण ती बसली नाही.

“खड़े होकर लिख पाएँगी?” त्यांनी विचारलं.

“लिख लूँगी, सर.”

साहेबांनी दाराशी उभ्या असलेल्या नरहरीला खूण केली. नरहरी कोर्टाचा जुना शिपाई. त्याला काही सांगावं लागलं नाही. त्यानं भिंतीच्या कपाटातून निवाड्यांचे जाडजूड खंड काढले, टेबलावर एकावर एक रचले, वर कीबोर्ड ठेवला आणि तिच्या कोपराकडे बघून आणखी एक खंड चढवला. मग दुसऱ्या ढिगावर पडदा ठेवला. हे सगळं होईपर्यंत इरावती टेबलामागं चार पावलं इकडून तिकडं चालली. पायात मुंग्या आल्या, मग ऊब आली.

वकील म्हणाले, “सर, अब मुझे गवाह का चेहरा नहीं दिख रहा.”

“आप दो कदम बाएँ हो जाइए,” साहेब म्हणाले आणि चष्मा घातला. “आगे पूछिए.”

उरलेली उलटतपासणी पंचवीस मिनिटं चालली. इरावतीनं ती उभ्यानं लिहिली. एका पायावरून दुसऱ्या पायावर भार देत, एक पाय पाटावर ठेवत. व्यापाऱ्यानं छापलेली साक्ष ओळीनं ओळ वाचली, दोनदा वाचली, आणि सही केली. एकही शब्द बदलावा लागला नाही.

जेवणाच्या सुट्टीत साहेबांनी तिला खोलीत बोलावलं. रागावतील म्हणून ती तयारी करून गेली होती. तसं झालं नाही. त्यांनी आधी बसायला सांगितलं, मग लगेच म्हणाले, “नहीं, खड़ी ही रहिए, अगर वही ठीक लगता है.” आणि त्यांनी एक प्रस्ताव मांडला. नकला काढण्याच्या विभागात एक जागा होती. तिथं साक्षी नाहीत, वकील नाहीत, घाई नाही. प्रसूतीपर्यंत तिला तिथं पाठवायला त्यांची हरकत नव्हती.

ओरडले असते तर उत्तर देणं सोपं गेलं असतं. ते मनापासून बोलत होते. आणि तो विभाग तिला माहीत होता. एक खोली, चार खुर्च्या, दिवसभर एका जागी. तिच्या जागी दुसरं कोणी बसलं की ही जागा परत मिळेलच असं नव्हतं.

“सर, वहाँ भी कुर्सी ही है,” ती म्हणाली. “मुझे काम कम नहीं चाहिए. बीच में उठना चाहिए.” आणि पर्समधून तिनं अर्ज काढला. आदल्या संध्याकाळी तिनं तो लिहून प्रफुल्लला वाचून दाखवला होता. मागण्या तीन होत्या. दर चाळीस मिनिटांनी पाच मिनिटं उठण्याची परवानगी, उभ्यानं लिहिता येईल असं उंच टेबल, आणि बैठकीला झोळ न पडलेली नवी खुर्ची. डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी सोबत जोडली होती.

साहेबांनी अर्ज ठेवून घेतला. दोन दिवस काही कळलं नाही, आणि ते दोन दिवस ती खंडांच्या ढिगावरच लिहीत राहिली. गुरुवारी शेरा आला. पहिल्या दोन मागण्या मंजूर. खुर्ची नव्या आर्थिक वर्षात. प्रफुल्लनं तो शेरा वाचला आणि शनिवारी घरातली सरळ पाठीची लाकडी खुर्ची स्कूटरवर आडवी बांधून कोर्टात नेऊन ठेवली. दारावरच्या पोलिसानं त्याला तीनदा विचारलं की ही कोणत्या प्रकरणातली जप्ती आहे.

सगळं सुरळीत झालं असं नाही. चाळीस मिनिटं झाली की साहेब स्वतःच “पाँच मिनट” म्हणायचे, आणि काही वकील तोंड वाकडं करून बाहेर जायचे. सलग उभं राहण्याचाही त्रास होता. एकदा हुरूप येऊन ती दीड तास उभी राहिली आणि संध्याकाळी पाय सुजले, तेव्हा मंदाकिनीनं तिला चांगलंच सुनावलं. उभं राहणं हेही औषध नाही, एकाच स्थितीत न राहणं हे औषध आहे, असं तिनं समजावलं. जानेवारीत, आठवा सरताना, कळ पुन्हा तीन दिवस आली आणि इरावतीला दोन दिवस घरी राहावं लागलं. त्या दोन दिवसांत ती फार खचली. इंदूबाई तिला सुट्टी टाक म्हणाल्या नाहीत. पिशवीत कोमट पाणी भरून त्यांनी ती कमरेशी ठेवली आणि म्हणाल्या, “बुधवारी जाशीन. दोन दिवसानं काही होत नाही.”

बुधवारी ती गेली.

त्याच सुमाराला एका सकाळी प्रफुल्ल दरी अंथरत होता. इंदूबाई आतून आल्या आणि भिंतीला धरून हळूहळू खाली बसल्या. “मले बी दाखव ते गाईचं,” त्या सुनेला म्हणाल्या. पहिल्या दिवशी त्यांना दोनदाच पाठ उचलता आली. इरावतीनं त्यांना मंदाकिनीकडे नेलं, कारण साठीतल्या कमरेला काय चालेल ते तिला माहीत नव्हतं. मंदाकिनीनं त्यांना वेगळे, खुर्चीवर बसून करायचे व्यायाम दिले. इंदूबाई थोड्या हिरमुसल्या, पण करू लागल्या.

फेब्रुवारीच्या सहा तारखेला, शुक्रवारी, इरावतीनं शेवटची साक्ष लिहिली. एका शाळेच्या निवृत्त शिक्षकांची होती. फार लांबली नाही. साहेब उठताना म्हणाले, “अपना ध्यान रखिए,” आणि गेले. तिनं खुर्ची तिथंच ठेवली.

अकरा दिवसांनी मुलगी झाली. कळा कमरेतूनच सुरू झाल्या. पहाटे उठून पाहिलं तर त्या बरोबर आठ-आठ मिनिटांनी येत होत्या. हे खुर्चीचं नाही, हे तिला सांगावं लागलं नाही. प्रफुल्लनं स्कूटरला हात न लावता ऑटो आणला. बाळ पावणेतीन किलोचं होतं. कागदावर पूर्णिमा नाव ठेवलं, घरात आजीनं तिला गोदू म्हणायला सुरुवात केली आणि तेच राहिलं.

कंबर पूर्ण बरी झाली असं नाही. गोदूला पाळण्यातून उचलताना अजूनही कधी जुनी जागा टोचायची. मग इरावती आधी गुडघे वाकवायची, बाळाला छातीशी धरायची आणि नंतर उठायची. रोजची दरी तिनं सोडली नव्हती.

मेच्या पहिल्या आठवड्यात रायपूर तापलं होतं. नोव्हेंबरमध्ये सुट्टी घेतली असती तर याच आठवड्यात तिला कामावर जावं लागलं असतं. अजून तीन महिने शिल्लक होते. कूलरसमोर दरी अंथरून तिनं गोदूला पालथं ठेवलं होतं. गोदू डोकं वर उचलायची, इकडंतिकडं बघायची आणि दमून गाल दरीवर टेकायची. पुन्हा उचलायची.

इंदूबाई खुर्चीवर बसून पाय लांब-आखूड करत होत्या. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. “अकरा वाजले. कोर्ट बसलं असंन आता.”

“बसू द्या,” इरावती म्हणाली, आणि मंदाकिनीनं शिकवल्याप्रमाणे आधी कुशीवर, मग सावकाश, ती गोदूच्या शेजारी आडवी झाली.